मंडई, दंडार आणि रातभर नाटक: एका बिछायतवाल्याचा अभिप्राय

दर्यापूरला माझं बिछायत केंद्र आहे. कनाती, गाद्या, खुर्च्या, माइक, जनरेटर. साक्षगंधापासून तेरवीपर्यंत लागेल ते भाड्यानं देतो. त्यामुळे कुठल्याही मांडवात शिरलो की माझी नजर आधी वर बल्ल्यांकडे जाते, मग वायरिंगकडे आणि त्यानंतर माणसांकडे. हा अभिप्राय त्याच नजरेचा आहे. नाटकाची समीक्षा हवी असेल तर ती दुसऱ्या कुणाकडे मागा.

ठिकाण म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज, ज्याला बोलताना सगळे वडसाच म्हणतात, आणि तिथून मोटरसायकलनं अर्ध्या तासाच्या आत येणारं एक धानाचं गाव. गावाचं नाव लिहीत नाही. पुढे तक्रारीही आहेत आणि तिथल्या एका घरी मी पोटभर जेवलो आहे.

आमच्या अमरावतीकडच्या लोकांना झाडीपट्टीची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, ऐकून माहीत असते, पाहिलेली नसते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात दिवाळी आटोपली की भाऊबीजेपासून मंडया सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची. दिवस वेगवेगळे, म्हणजे याच्या मंडईला तो आणि त्याच्या मंडईला हा जाऊ शकतो. दिवसा बाजार आणि दंडार, म्हणजे सोंगं घेऊन केलेला गाण्या-नाचाचा खेळ, रात्री नाटक. लेकी माहेरी येतात, जावई येतात, पोरगी पाहायला आलेले लोकही याच गर्दीत असतात. नाटकाचा हंगाम मात्र मंडयांवर थांबत नाही, थंडी सरेपर्यंत चालतो. वडशात नाटक कंपन्यांची ऑफिसं आहेत, पन्नासेक कंपन्या तरी तिथून सुटतात. रस्त्यानं चालताना एकेका दुकानावर नटनट्यांच्या फोटोचे बोर्ड दिसतात, आपल्याकडे कृषी केंद्रांचे दिसतात तसे. गावातलं मंडळ इथं येऊन नाटक ठरवतं, तारीख घेतं, इसार देतं. याच भागातल्या, कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीसाठी. वडशाच्या चहाच्या टपरीवर ही गोष्ट न विचारता सांगतात.

जायचं कसं. नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी आणि मग वैनगंगेचा पूल ओलांडून वडसा, साधारण दीडशे किलोमीटर. नागपूर-नागभीडची छोटी लाइन २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली, म्हणून आम्ही एसटीनं गेलो. गोंदिया-बल्लारशा मार्गावर वडसा स्टेशन आहे, गोंदियाकडून येणाऱ्याला रेल्वे बरी. एसटीत उमरेड सुटलं की कापूस संपतो आणि नागभीडनंतर दोन्ही हातांना धानाच्या बांध्या. आमच्या खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जमिनीखाली खारं पाणी असलेल्या भागातल्या माणसाला एवढे तलाव एका दिवसात बघून डोळे निवतात. मालगुजारीच्या काळातले तलाव आहेत ते, अजून त्यांच्या पाण्यावर धान होतो.

पहिली रात्र वडशातल्या एका लॉजवर काढली. थोडक्यात सांगतो. चादर धुतलेली होती, पाणी गरम मिळालं ते बादलीनं, आणि खोलीची खिडकी उघडत नव्हती. मॅनेजरला मंडई कुठं आहे विचारलं तर तो म्हणाला, "कुठली पाहिजे तुमाले? आज चार गावाला आहे." एवढी माहिती सोडली तर त्या लॉजबद्दल चांगलं लिहिण्यासारखं काही नाही. पैसे मात्र नागपूरच्या दरानं घेतले.

नागपूरच्या गांधीबागेत कनातीचं कापड घेताना वडशाच्या एका बिछायतवाल्याशी ओळख झाली होती. त्याची बहीण त्या गावात दिलेली. तो सकाळी मोटरसायकल घेऊन आला, दुसरी गाडी कुणाची तरी मागून आणली, आणि आम्ही नवरा-बायको गावात पोचलो. बहिणीच्या सासूबाईंनी पहिलं काय विचारलं असेल तर, "लॉजात काहून राहिले जी बाबू? आमचं घर लहान होतं का?" मी दर्यापूरची हरभऱ्याची डाळ नेली होती. ती त्यांनी हातात घेऊन पाहिली, नखानं एक दाणा फोडला आणि आत नेऊन ठेवली. त्यानंतर आमच्याकडून कुणी एक रुपया घेतला नाही, चहाचासुद्धा नाही.

माझं स्पष्ट मत असं आहे की लॉजवर राहून मंडई दिसत नाही. बाजार दिसेल, नाटकाचं तिकीट मिळेल, फोटो निघतील. पण त्या दिवशी गावातल्या प्रत्येक घरात पाव्हणा असतो आणि मंडईतला निम्मा कार्यक्रम घरांच्या ओसरीवर चालू असतो. बाहेरच्या माणसाला विकायचं म्हणून तिथं काहीच मांडलेलं नाही. तेव्हा ओळख काढा. मित्राचा मित्र, शाळेत बदलून गेलेले मास्तर, बँकेतला कुणी, कोणीही चालेल. झाडीतली माणसं ओळख लांबची की जवळची हे मोजत बसत नाहीत.

जेवण. दुपारी भात, कोंबडीचा रस्सा, लाखोरीच्या डाळीचे वडे आणि वांग्यात टाकलेले सुके झिंगे. झिंग्यांचा वास आमच्या मंडळींना आधी झेपला नाही, नंतर त्यांनीच दुसऱ्यांदा घेतले. भात नव्या धानाचा, चिकट, त्याला काही लावायची गरज नाही. पोळी मागू नका. मागितली तर करून देतील, आणि तेच वाईट, कारण त्या बाईला सकाळपासून उसंत नसते.

बाजार आता. तो देवळासमोरच्या मोकळ्या जागेत भरतो. बांगड्या, प्लास्टिकच्या गाड्या, फुगे, गोडशेव, चिवडा, जिलेबी, हे सगळं आपल्या यात्रेत असतं तेच. मला आवडले ते उकडलेले शिंगाडे. ढिवर, म्हणजे मासेमार समाजातल्या बाया टोपल्यात घेऊन बसतात, तलावातले, काळे, सोलून द्यायला सांगितलं तर सोलूनही देतात. माप पत्र्याच्या डब्याचं. डबा भरल्यावर वर एक मूठ टाकली नाही तर बाजूची म्हातारी विकणारीला टोकते. एका कोपऱ्यात झंडीमुंडीचा डाव बसला होता. पोरं पैसे लावत होती, कुणीतरी शिट्टी वाजवली की चादर गुंडाळून पसार. पाच मिनिटांनी तोच डाव दुसऱ्या झाडाखाली. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, पण संध्याकाळ झाल्यावर काही मंडळी ज्या तालात चालत होती तो ताल दंडारीचा नव्हता. नदीपलीकडे चंद्रपूर जिल्हा लागतो, तिथली बंदी २०२१ मध्ये उठली. एवढं सांगून पुढे जातो.

सकाळी गोवारी, म्हणजे गुरं राखणाऱ्या लोकांची ढाल निघाली होती. उंच बांबूला कापड गुंडाळलेलं, टोकाला मोरपिसं, डफड्याच्या ठेक्यावर नाचत गल्लीगल्लीतून. ती पाहायची तर दुपारची वाट पाहू नका. दुपारी दंडार. शेजारच्या गावांची पथकं येतात, मधे मोकळी जागा सोडून लोक गोल उभे राहतात. पुरुषच सगळे, बाईचं सोंगही पुरुषच घेतो, हातात टिपऱ्या, मागे ढोलकी आणि झांज. माइक नव्हता. मी धंदेवाईक माणूस, माझ्या मनात आलं की दोन माइक आणि एक बॉक्स लावला असता तर मागच्या रांगेला ऐकू गेलं असतं. मग पाहिलं की मागच्या रांगेला ऐकूच जात होतं, कारण मागची रांगच ध्रुपद धरत होती. एका सोंगाड्यानं ग्रामपंचायतीच्या नळाला पाणी येत नाही यावर असं काही सुनावलं की समोर खुर्चीवर बसलेले पदाधिकारी हसावं की उठावं या विचारात पडले. शेवटी हसले.

आता नाटक, ज्यासाठी मी गेलो होतो.

धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत थेटर उभं केलं होतं. ते पाहून मी मित्राला थांबवलं आणि सगळीकडून एक चक्कर मारली. हे लोक प्रेक्षकांसाठी जमीन खणतात. पुढे खोल, मागे उथळ असा उतार काढतात आणि निघालेली माती स्टेजखाली भरतात. एका कामात दोन कामं. मागे बसलेल्या माणसाला पुढच्याचं डोकं आडवं येत नाही. मी इतकी वर्षं सपाट जमिनीवर खुर्च्या मांडतो आणि मागून ओरड ऐकतो, "समोरचे बसा!" भोवती कनात, वर अर्ध्या भागाला कापड, तेही दव पडू नये म्हणून. मी मित्राला म्हटलं, दर्यापुरात असा खड्डा करून पाहतो. तो हसला. "तुमच्या काळ्या मातीत?" खरं आहे. आमची जमीन पावसात फुगते, थंडीत भेगाळते, खड्ड्याची कड उभीच राहणार नाही. आम्हाला मागं तख्तपोस लावून उंची काढावी लागेल आणि त्याचं भाडं कुणी देणार नाही.

तिकीट पुढच्या खुर्चीला दीडशे, खाली बसायला ऐंशी. खालीच बसा. पुढच्या खुर्चीचा तोटा असा की तिथं प्रॉम्प्टरचा आवाज ऐकू येतो. कंपनी रोज नव्या गावी, नट बरेचदा नाइटवर घेतलेले, काल दुसरं नाटक आज हे. मग विंगेत पुस्तक घेऊन उभा असलेला माणूस आधी वाक्य सांगतो, नट ते उचलतो. पुढे बसलं की प्रत्येक संवाद दोनदा ऐकू येतो, आधी कोरडा आणि मग रडत. मधल्या उतारावर बसलं की ते जाणवत नाही. पण उचलण्याची सफाई अशी की खलनायक वाक्य ऐकता ऐकता मिशीला पीळ देत होता, म्हणजे त्या पिळातच त्याचं ऐकणं लपलेलं.

माइक तीन, स्टेजवर वरून टांगलेले. कॉर्डलेस नाहीत. नट चालत चालत बरोबर माइकखाली येऊन बोलतो आणि भांडण असलं तरी दोघं मिळून एकाच माइकखाली भांडतात. साउंडवाल्यानं रात्रभरात माइकला एकदाही शिट्टी मारू दिली नाही. माझ्याकडे कामाला आला तर उद्या ठेवून घेईन. लाइट साधे, हॅलोजन आणि रंगीत फोकस, पण पडदे पाहण्यासारखे. राजवाडा, रस्ता, जंगल, गरिबाची झोपडी, हातानं रंगवलेले. दोरी सोडली की घर बदललं. स्टेजसमोर वादक बसतात. ऑर्गन, तबला, क्लॅरिओनेट आणि त्यांच्या शेजारी ऑक्टोपॅड. ऑर्गन वाजवणारा म्हातारा नाटकभर स्टेजकडे पाहत नव्हता, तरी नटानं गाण्यासाठी श्वास घेतला की सूर आधीच तयार.

गोष्ट तीन अंकी आणि घरगुती. दोन भाऊ, वाटणी, थोरल्याची बायको कुचकी, धाकटा भोळा, बहिणीवर आळ, सावकाराची नजर शेतावर. आपल्याला पहिल्या अंकातच सगळं कळतं. पण माझ्या बाजूला बसलेल्या माणसानं डोळे पुसले ते वाटणीच्या प्रवेशाला, आणि तो नंतर मला म्हणाला, त्याच्या घरी मागच्या साली झाली. नट बोलताना अस्सल झाडीबोलीत आला की मांडव उठून हसायचा. विनोदी पात्र करणाऱ्यानं एका प्रवेशात तीन वेळा वन्स मोअर घेतला. लोक स्टेजजवळ जाऊन बक्षीस देतात, पन्नास, शंभर, आणि माइकवरून देणाऱ्याचं नाव पुकारतात. मधे मधे नाचाची गाणी येतात. ती मला गरजेपेक्षा जास्त वाटली. तरुण पोरांचं मत वेगळं होतं आणि तिकिटं त्यांनीही काढली होती.

आमच्या मंडळी बायांच्या बाजूला बसल्या होत्या. दुलया, चटया, झोपलेली लेकरं, थर्मास, असा सगळा संसार घेऊन बाया येतात. तिसऱ्या अंकाच्या आधी त्या माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "अहो, तुमच्या मांडवात कधी एवढ्या बाया एवढा वेळ गप्प बसल्या का?" नाही बसल्या. आमच्याकडे बुफे असतो.

आता तक्रारी. पहिली, वेळ. पत्रकावर रात्री नऊ. पडदा उघडला साडेअकराच्या पुढे. मधला वेळ उद्घाटनात गेला. पत्रकावर उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलक, प्रमुख अतिथी आणि "विशेष उपस्थिती", नाटकातल्या पात्रांपेक्षा नावं जास्त. प्रत्येकाला शाल, नारळ आणि माइक. शाल आणि नारळाला माझी हरकत नाही. मागे पोरं झोपून गेली, नट मेकअप लावून विंगेत बसलेले, आणि बोलणारे एकमेकांच्या विकासकामांची यादी वाचत होते. वर्गणी तेच देतात, हे मला समजतं, माझ्याही धंद्यात तेच असतं. पण भाषणं पहिल्या अंकानंतर ठेवून पाहावीत, कोण किती वेळ बसतं ते कळेल.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. हजारेक माणसं रातभर बसणार आणि बायांसाठी आडोसा एकही नाही. अंधारात बांधीच्या धुऱ्यापलीकडे जा. चार बल्ल्या, एक कनात आणि एक बल्ब, एवढंच लागतं. मी मंडळाच्या पोरांना मोजून दाखवलं की किती कापड लागेल. त्यांनी मान डोलावली. करतील की नाही, पाहू.

तिसरी, जनरेटर प्रेक्षकांच्या अगदी जवळ होता आणि त्याच्या वायरी पायवाटेवरून गेलेल्या, उघड्या. दव पडत असताना हे चालत नाही. हे काम कुणाचं होतं ते मी लिहिणार नाही, पण त्यालाही बोललो.

थंडीचं सांगायला पाहिजे. मध्यरात्रीनंतर बांधीतून गारवा वर येतो. स्वेटर पुरत नाही. सासूबाईंनी बळेच वाकळ दिली होती, तिच्याशिवाय दुसरा अंक बसून झाला नसता. बाहेर चहा-भज्यांच्या गाड्या पहाटेपर्यंत चालू असतात आणि खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, घोटणाऱ्याचा हात तर थांबतच नाही. आलूबोंडा तिखट, चहा गोड, दोन्ही चांगले.

रात्री एकटं मोटरसायकलनं वडशाला परत यायचा विचार करू नका. वडसा आणि ब्रह्मपुरी, दोन्हीकडच्या जंगलात वाघ आहेत, आणि २०२१ च्या ऑक्टोबरपासून छत्तीसगडकडून आलेला रानटी हत्तींचा कळप या जिल्ह्यात फिरत आला आहे. धानाच्या पुंजण्यांवर हत्ती येतात. गावातली माणसं हे भीती घालायला सांगत नाहीत, पाऊस येईल म्हणावं तसं सांगतात. नाटक संपेपर्यंत बसायचं याचं तेही एक कारण आहे, उजाडल्यावर घोळक्यानं निघता येतं.

काही ठिकाणी नाटकाला शंकरपटाची, म्हणजे बैलांच्या शर्यतीची जोड असते, हे मात्र मंडईपेक्षा पुढे, हिवाळ्यात. दिवसा बैलांच्या जोड्या, रात्री नाटक. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या होत्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा कायम ठेवला. मधल्या काळात पटाचे बैल सांभाळून ठेवणाऱ्या एका शेतकऱ्यानं मला गोठ्यात नेऊन त्याची जोडी दाखवली. खुराक ऐकून मी हिशेब केला, तो माझ्या साउंडवाल्याच्या पगारापेक्षा जास्त निघाला.

कुणी जावं? ज्याला रात्र जागता येते, जमिनीवर बसता येतं आणि गोष्ट आधीच माहीत असली तरी चालतं, त्यानं. लहान लेकरं न्यायला हरकत नाही, तिथं झोपायला जागा मिळते. गुडघे दुखणाऱ्यांनी खुर्ची घ्यावी आणि प्रॉम्प्टर सहन करावा. रीलपुरतं शूटिंग करायला येणाऱ्यांनी पुढच्या रांगेत मोबाइलचा लाइट लावू नये. आमच्या रात्री एकानं लावला तर नायिकेनं संवाद थांबवून त्याला स्टेजवरून सांगितलं, आणि त्या वाक्याला रात्रीतली सगळ्यात मोठी टाळी पडली.

तारखा आधी इंटरनेटवर शोधत बसू नका. दिवाळीच्या आठवड्यात वडशात उतरा, कंपनीच्या कुठल्याही ऑफिसात जा, भिंतीवर तारखांचं रजिस्टर किंवा पत्रकं असतात. कुठल्या गावी कोणतं नाटक ते पाच मिनिटांत कळतं, आणि त्या गावचा माणूस चहाच्या टपरीवर भेटतोच. परतीच्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. नाटक पाचच्या सुमारास सुटलं, आम्ही आठला एसटीत बसलो आणि मी कंडक्टरला आधीच सांगून ठेवलं की नागभीडला उठवा, तिथं चहा घ्यायचा आहे. त्यानं विचारलं, "नाटक पाहून आले का जी?" आणि कुठलं होतं ते सांगितल्यावर तिसऱ्या अंकात बहीण मरते की वाचते यावर उमरेडपर्यंत माझ्याशी भांडला. त्याच्या गावाला तीच कंपनी आली होती आणि तिथं ती वाचली होती.